६३ व्या वर्षी परत सायकल: कोथरूडच्या पार्किंगपासून होगे वेलुवेच्या जंगलापर्यंत एका काकूंची केस

केस अशी आहे. काकू, वय ६३, राहणार कोथरूड, उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, बीपीची एक गोळी चालू, सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात असताना. लेक-जावई नेदरलँड्सला, आर्नेम नावाच्या शहराजवळ, आणि नातू सहा वर्षांचा, जो लेकीच्या शब्दांत सांगायचं तर झोपतानाच काय तो सायकलवरून उतरतो. काका-काकू जुलैत जाणार होते आणि ऑगस्टच्या शेवटी सगळ्यांनी मिळून होगे वेलुवेच्या जंगलात सायकल चालवायची असं ठरलेलं.

मी रविवारी सकाळी मोठ्या माणसांना सायकल शिकवतो, धंदा नाही, हौस आहे. येणाऱ्यांमध्ये बहुतेक बायकाच, चाळिशी-पन्नाशीच्या, लहानपणी कोणी शिकवलीच नाही अशा. काकूंचं तसं नव्हतं. एप्रिलात आल्या आणि म्हणाल्या, "अरे मी हुजूरपागेत सायकलने जायचे, पावसात एका हातात छत्री धरून. आणि तिथे गाड्याच नसतात म्हणे, नुसतं जंगल आणि माळ. मग त्यात शिकायचंय काय एवढं? तू फक्त एकदा बसवून दे."

हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय. पुण्यात राहून आपल्या डोक्यात एक पक्कं बसलंय की सायकलची अडचण म्हणजे ट्रॅफिक, ट्रॅफिक काढला की अडचण संपली. ते अर्धंच खरं आहे. ट्रॅफिक काढला की भीती जाते, हे खूप मोठं आहे, मान्य, पण सायकल सायकलच राहते, आणि परदेशातली सायकल तर आपल्या सायकलसारखी वागतही नाही. काकूंच्या केसमध्ये जे जे अडलं त्यातलं एकही गाडीमुळे अडलेलं नाही.

आधी ती जागा काय आहे ते सांगतो. होगे वेलुवे हे नेदरलँड्सच्या मध्यावरचं राष्ट्रीय उद्यान, साधारण ५,४०० हेक्टर, सरकारी नाही, एका संस्थेच्या मालकीचं. अँटन क्रोलर नावाचा मोठा व्यापारी आणि त्याची बायको हेलेन क्रोलर-म्युलर यांनी १९०९ पासून ही जमीन तुकड्या-तुकड्याने घेतली, त्याला शिकार हवी होती आणि तिला चित्रं, पुढे पैशाची ओढाताण झाली तेव्हा १९३५ मध्ये जमीन संस्थेकडे गेली आणि १९३८ मध्ये जंगलाच्या मधोमध तिचं म्युझियम उघडलं. आज तिथे व्हॅन गॉगची जवळजवळ नव्वद पेंटिंग्ज आहेत, म्हणजे सायकलवरून घाम पुसत उतरायचं आणि समोर व्हॅन गॉग. पार्कात शिरायला तीन गेटं, ओटरलो, हूंडरलो आणि स्खार्सबर्गेन, आणि गेटच्या आत पांढऱ्या सायकलींची रांग. १८०० सायकली आहेत. पार्कचं तिकीट काढलंत की सायकल फुकट, नोंदणी नाही, कुलूप नाही, हवी ती उचला, म्युझियमपाशी लावा, परत आलात आणि तुमची कोणी नेली असेल तर दुसरी घ्या. (पुण्यात ही स्कीम किती वेळ टिकेल याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. पण आपल्यालाच का नावं ठेवायची, पांढऱ्या सायकलींची मूळ कल्पना १९६५ ची, ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांवरची, आणि तिथे ती फार दिवस टिकली नाही. पोलिसांनीच उचलून नेल्या, कारण बिनकुलपाची सायकल ठेवणं कायद्यात बसत नव्हतं. चालली ती कुंपण असलेल्या जंगलात.)

सायकलचे वेगळे पक्के रस्ते चाळीस किलोमीटरच्या वर आहेत, पाइनच्या झाडीतून, माळावरून आणि वाळूच्या टेकड्यांजवळून. गाड्या पार्कात अजिबातच नसतात हे मात्र खरं नाही, जास्तीचं तिकीट काढून गाडी आत नेता येते, पण तिचा रस्ता वेगळा, सायकलवाटेला तो मधूनमधून छेदतो इतकंच. काकूंना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला.

आता पार्किंगमधला पहिला रविवार. साधी लेडीज सायकल, माझीच, शिकवायला ठेवलेली. काकूंनी हँडल धरलं, डावा पाय डाव्या पॅडलवर ठेवला, उजव्या पायाने जमिनीला दोन-तीन रेटे दिले, सायकल धावायला लागली आणि बसल्या की सीटवर. चाळीस वर्षांनी! बॅलन्स जात नाही हे म्हणतात ते खरंच, दोन चकरा हँडल थोडं हललं आणि तिसरीला त्या घंटी वाजवायला लागल्या. वॉचमन टाळ्या वाजवतोय, काका बाल्कनीतून "सावकाश" म्हणून ओरडतायत, एकूण वातावरण असं की झालं, सुटला प्रश्न.

मग मी म्हटलं, "काकू, थांबा आता." आणि त्या थांबल्या त्या दोन्ही पाय खाली टाकून, चप्पल फरफटत, सीटवर बसल्या बसल्या. ब्रेकला हात नाही. कारण सीट इतकी खाली होती की पाय सपाट टेकत होते आणि शाळेच्या वयात त्या अशाच थांबत असणार. "ब्रेक कुठे गेला?" तर म्हणाल्या, "ब्रेक पेठेतल्या उतारावर लागतो, इथे कशाला."

गुडघ्याचं मूळही तिथेच निघालं. सीट खाली असली की पॅडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि सगळा भार वाटीवर येतो, दहा मिनिटं ठीक, पण दोन तास तसं चालवलं तर रात्री जिना चढता येणार नाही. सीट अशी हवी की पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात थोडासाच बाक. पण तशी सीट केली की जमिनीला फक्त चवडे टेकतात, तेही एखाद्या पायाचे, आणि साठीनंतरच्या माणसाला ते नको असतं, पडण्याची भीती असते आणि ती रास्त आहे, या वयात मनगट किंवा खुबा मोडला तर काय होतं ते प्रत्येक सोसायटीत एक तरी उदाहरण असतं. म्हणून आम्ही आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सायकल बेलाशक चालवा पण चढावर जोर लावू नका म्हटलं, आणि मग सीट एकदम वर न नेता दर रविवारी बोटभर वर नेली. काकूंना न सांगता. (सांगितलं असतं तर त्यांनी करू दिलं नसतं. तिसऱ्या वेळी त्यांनी पकडलं, पण तोवर सवय झाली होती.)

सीट वर गेली की थांबायची रीत बदलावीच लागते. आधी ब्रेक, मग सीटवरून पुढे सरकून उतरायचं, एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर, आणि सायकल थोडी कलती. हे सांगायला सोपं, पण बसल्या बसल्या पाय टेकायची चाळीस वर्षांपूर्वीची सवय त्याच्या आड येते. आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. चालवायला नाही, थांबायला.

आणि मग आला पांढऱ्या सायकलचा ब्रेक. हे मला स्वतःला माहीत होतं म्हणून बरं, लेकीने सांगितलंच नव्हतं कारण तिला आता तेच नॉर्मल वाटतं. त्या सायकलींना पॅडल उलटं मारून लागणारा ब्रेक असतो. पाय पुढे फिरवले की सायकल चालते, मागे दाबले की मागचं चाक आवळतं. आपल्याकडे फ्रीव्हील (म्हणजे पॅडल उलटं फिरलं तरी चाकाला काही होत नाही) असल्यामुळे आपण सगळे नकळत पॅडल मागे फिरवत असतो, सिग्नलला उभं असताना पॅडल वर आणायला, उतारावर पाय मोकळे करायला, उगाच कर्रकर्र आवाज ऐकायला. तिथे हे केलं की सायकल जागच्या जागी थांबते. दुसरी गंमत अशी की हा ब्रेक पॅडल आडवे असताना नीट लागतो, एक पाय अगदी वर आणि एक अगदी खाली असताना जोरच मिळत नाही. तिसरं म्हणजे काकूंची ती रेटे देऊन चढायची पेठेतली स्टाईल, डावा पाय खालच्या पॅडलवर ठेवून, त्यात पाय जरासा मागे दाबला गेला तरी ब्रेक लागतो आणि माणूस पुढे.

अशी सायकल पुण्यात कुठून आणायची? लहान मुलांच्या काही सायकलींना असतो तसला ब्रेक, पण काकूंना त्यावर कसं बसवणार. शेवटी आमच्या ग्रुपातल्या एकाने जर्मनीहून परत येताना घरच्या सामानात आणलेली जुनी सायकल निघाली, धूळ खात पडलेली, टायर बसलेले. दुकानात नेऊन ट्यूब-टायर बदलले, चेनला तेल घातलं, चालू झाली. दुकानदार साठीचा, त्याने मागचं हब फिरवून बघितलं आणि म्हणाला हे तुम्ही बाईमाणसाला देताय? मी म्हटलं त्यांनाच पाहिजे.

पहिल्या वेळी काकू नऊ-दहा वेळा अचानक थांबल्या आणि दर वेळी "अगं बाई". मग आम्ही चढायची रीतच बदलली. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं, उजवं पॅडल पुढे-वर आलेलं पाहिजे, म्हणजे घड्याळात दोनचा काटा जिथे असतो तिथे. नसेल तर उलटं फिरवून येणार नाही, पायाने पॅडल पुढच्याच दिशेने फिरवत वर आणायचं, सायकलही त्याबरोबर थोडी पुढे सरकते. मग त्यावर उजव्या पायाने दाब द्यायचा, त्याच दाबाने वर उठून सीटवर बसायचं. थांबताना पॅडल आडवे करून मागे दाब. हे एवढंच. पण हे एवढंच अंगात बसायला मे महिना गेला, आणि मे महिन्यात पुण्यात सकाळी साडेसातनंतर ऊन काय असतं ते माहितीये, म्हणजे सहालाच यायचं.

जागेचं सांगायचं राहिलं. सोसायटीचं पार्किंग सुरुवातीला ठीक, पण तिथे सलग दोन मिनिटंही चालवता येत नाही. लांबचं चालवायला पुण्यात गाड्या नसलेली, सावलीची, सपाट जागा शोधून बघा एकदा. वेताळ टेकडीवर एमटीबीवाले, म्हणजे डोंगरी सायकलवाले, जातात पण ते दगडगोटे काकूंसाठी नाहीत, तळजईला चालणाऱ्यांची इतकी गर्दी की त्यांच्यात सायकल घालणं बरं दिसत नाही. कागदावर विचाराल तर महापालिकेने २०१७ च्या डिसेंबरात सायकल आराखडा मंजूर केला, ८२४ किलोमीटरचं जाळं. प्रत्यक्षात जे ट्रॅक आहेत त्यावर कुठे पार्किंग, कुठे भाजीची गाडी, कुठे डीपीचा बॉक्स, आणि टू-व्हीलर घुसू नयेत म्हणून लावलेले खांब असे की सायकलवाल्यालाच उतरावं लागतं. मी याच्यावर चिडून बोलायला लागलो की थांबत नाही, म्हणून इथेच सोडतो. आम्ही शेवटी विद्यापीठाचं आवार धरलं, ४११ एकर, जुनी मोठी झाडं, वडाच्या पारंब्या, सुट्टीच्या दिवशी सकाळी गाड्या तुरळक, गेटवर विचारून आत जायचं आणि चालणाऱ्यांना त्रास होईल असं वागायचं नाही.

तिथे एक गोष्ट कळली जी पार्किंगमध्ये कळली नसती. काकूंना मागे बघता येत नव्हतं. मान वळवली की हँडलही त्याच बाजूला. पुण्याच्या रस्त्यावर आपण मागे बघतच नाही, मागचा हॉर्न वाजवतो आणि आपण डावीकडे सरकतो, ही आपली सिस्टीम आहे. जंगलातल्या वाटेवर हॉर्न नाही. मागून येणारा सायकलवाला फार तर घंटी वाजवेल, तिकडे ई-बाईकवर सत्तरीची माणसं २५ च्या स्पीडने जातात, आवाज न करता. म्हणजे ट्रॅफिक नसलेल्या वाटेवर मागे बघायची गरज कमी नाही, उलट जास्त. त्यासाठी मी मागून चालत यायचो आणि हाताने बोटं दाखवायचो, काकूंनी वळून न डगमगता आकडा सांगायचा. दोन, चार, तीन. विद्यापीठातले मॉर्निंग वॉकवाले आजोबा हे बघून एकदा विचारायलाच आले की कसली थेरपी आहे ही.

आणि सगळ्यात अवघड, उजवी बाजू. नेदरलँड्सला उजवीकडून चालवायचं. एकटं असताना जमतं, रस्ता दिसतो, खुणा दिसतात. पण अरुंद वाटेवर समोरून अचानक कोणी आलं की आपला हात विचार न करता डावीकडे ओढतो, आणि समोरचा त्याच्या उजवीकडे म्हणजे आपल्या डावीकडेच येत असतो. दोघं एकाच बाजूला. याची प्रॅक्टिस पुण्याच्या रस्त्यावर करणं म्हणजे आत्महत्या, म्हणून परत सोसायटीचं पार्किंग, जमिनीवर खडूने मधली रेघ, आणि समोरून मी दुसऱ्या सायकलवर. सोसायटीतली पोरंपण सामील झाली, समोरून सायकली घेऊन येणाऱ्यांची फौज. चेअरमननी एकदा हटकलं की चुकीच्या बाजूने काय चाललंय, तेव्हा काकू म्हणाल्या, "हॉलंडचे नियम चालू आहेत, सकाळी आठपर्यंत."

काका या सगळ्यात नव्हते. "मी इंजिनिअरिंग कॉलेजला चार वर्षं सायकल मारली आहे, डबल सीट, दिवा नाही म्हणून पोलिसांनी हवा सोडली आहे माझी. मला कसली प्रॅक्टिस." मी आग्रह केला नाही, म्हटलं चला, तुलना करायला एक माणूस मिळाला, एकाला शिकवलं आणि एकाला नाही.

ऑगस्टच्या शेवटचा तो दिवस मला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट्समधून कळला, बऱ्याच लांब, मागे वाऱ्याचा आवाज. ओटरलोच्या गेटने आत गेले. नातवाला लहान पांढरी सायकल, काकूंनी रांगेतून सीट बसेल अशी एक निवडली, सीटचा खटका कसा उघडायचा ते जावयाला विचारलं, वर घेतली, हेल्मेट पुण्याहून नेलं होतं ते घातलं. तिकडे साध्या सायकलवर हेल्मेट जवळजवळ कोणीच घालत नाही, काका म्हणाले लोक हसतील, काकू म्हणाल्या हसू देत. मग उजवं पॅडल दोनच्या काट्यावर, आणि निघाल्या. काकांनी टेचात टांग मारली, बसले, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने पॅडल मागे फिरवलं. सायकल ठप्प. परत. ठप्प. मागे एक डच बाई दोन मुलांना घेऊन वाट बघतेय. काकूंचा आवाज नोटमध्ये स्पष्ट ऐकू येतो, "अहो, उलटं नका फिरवू, पॅडल पुढेच फिरवून वर आणा." काकांना पंधरा-वीस मिनिटं लागली, पडले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत गप्प होते असं लेकीचं म्हणणं.

त्यांनी छोटा मार्ग घेतला, साधारण दहा किलोमीटरचा. हे आम्ही इथूनच ठरवलं होतं. लेकीने आधी पंचविसेक किलोमीटरचा काढला होता कारण सपाट आहे, दोन तासांत होतो. पण किलोमीटर मोजून उपयोग नसतो, सीटवर किती वेळ बसवतं ते बघायचं, आणि काकू पुण्यात सलग चाळीस-पन्नास मिनिटांवर गेल्या की हाताला मुंग्या येत होत्या. म्हणून अर्ध्या तासाला उतरायचं, पाच मिनिटं चालायचं, मधे म्युझियमचा मोठा ब्रेक. असा पूर्ण दिवस काढला त्यांनी दहा किलोमीटरमध्ये आणि गुडघा दुसऱ्या दिवशी ठीक.

दोन गोष्टी झाल्या तिथे. माळावरून जाताना वाऱ्याने वाटेवर वाळू आली होती, पातळ थर, लांबून दिसतही नाही. वेलुवे सगळं वाळूवरच आहे, हिमयुगात साचलेली वाळू, काही ठिकाणी अजून उघडी आणि सरकणारी. नातू पुढे गेला तसाच सरळ, काकूंनी घाबरून ब्रेक दाबला आणि मागचं चाक घसरलं. मागचा एकच ब्रेक असला की असं होतं, चाक आवळलं जातं आणि वाळूत धरत नाही. पडल्या नाहीत, कारण स्पीड नव्हता आणि पाय पटकन खाली आला. ती जुनी सवय, पाय टाकून थांबायची, जी मोडायला आम्ही महिना घालवला, ती तिथे कामाला आली. मी हे ऐकून बराच वेळ हसत होतो. वाळूत ब्रेक लावायचाच नसतो, आधीच स्पीड कमी करून हँडल सैल धरून सरळ पार व्हायचं, नाहीतर उतरून चालत. हे माझ्या शिकवण्यात आता आलंय, विद्यापीठात कोरड्या पानांच्या ढिगावरून नेतो सगळ्यांना.

दुसरं म्हणजे वळणावर समोरून ई-बाईकवाल्या आज्या-आजोबांचा ग्रुप. काकू म्हणतात हात डावीकडे गेला होता, अर्धा वळलासुद्धा, मग "रेघ आठवली" आणि उजवीकडे आल्या. पार्किंगमधली खडूची रेघ. मागे असलेले काका मात्र डावीकडेच गेले आणि गवतात शिरले. त्या आजोबांनी हात केला, काकांनीही केला, जसं काही ठरवूनच गवतात गेले होते.

माळाबद्दल काकू जे म्हणाल्या ते लिहायलाच पाहिजे. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथला माळ जांभळा होतो, हीदर नावाचं गुडघ्याएवढं झुडूप, त्याला बारीक फुलं, आणि ते मैलभर पसरलेलं. फोटो आले ते बघून सगळे वा वा करतात. पण काकूंचं माहेर सुप्याकडचं, बारामती तालुक्यातलं, त्यांना फुलांच्या आधी मेंढ्या दिसल्या. कारण तिथेही हे माळ मेंढ्यांनीच उघडे ठेवलेत. शेकडो वर्षं शेतकरी मेंढ्या चारायचे, माळाचा वरचा थर कापून गोठ्यात घालायचे आणि ते खत शेतात, त्यामुळे झाडी वाढायचीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रासायनिक खत आलं, मेंढीची गरज संपली, आणि मग या जमिनी पडीक म्हणून कोणी नांगरल्या कोणी पाइन लावलं. आज उरलेला माळ टिकवायला मुद्दाम कळप फिरवतात, उगवलेली पाइनची रोपं उपटतात, आणि हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनमुळे गवत माजून हीदर दबतं त्याच्याशी झगडतात. काकू म्हणाल्या, "आमच्या सुप्याच्या माळाला सगळे ओसाड म्हणतात. धनगर आणि मेंढ्या गेल्या की तिथे काय उरणार. इथे तिकीट काढून बघतात तेच." सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं, चिंकारा असतात, पुण्यातल्या किती जणांनी बघितलंय देव जाणे.

लांडग्याचंही तसंच. लेकीने जायच्या आधी घाबरत घाबरत सांगितलं की वेलुवेत लांडगे परत आलेत, २०१९ मध्ये तिथे पिल्लंही झाली, आता या पार्कातही आहेत आणि रानमेंढ्या फार कमी झाल्यात त्यांच्यामुळे. नियम काय तर वाट सोडायची नाही, लहान मूल जवळ ठेवायचं, दिसला तर अंतर ठेवायचं, पळायचं नाही. काकू म्हणाल्या सासवड-इंदापूरच्या माळावर लांडगा आहेच की, आमच्या आज्याने कितीदा हाकललाय. लांडगा दिसला नाही. त्यापेक्षा गोचीड जास्त खरा धोका, तिकडच्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो, म्हणून गवतात बसायचं नाही, पँट मोज्यात खोचायची आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघायचं. गवतात शिरलेल्या काकांची तपासणी जरा जास्त झाली.

आता काकू परत आल्यात. सायकल घेतली त्यांनी, साधी, मागे कॅरिअर, पुढे बास्केट, तीन गिअरची, दोन्ही हाताचे ब्रेक, आणि सीट मी न सांगता त्यांनीच वर केलेली. रविवारी विद्यापीठात येतात. रस्त्यावर अजून नाही, मी सुचवतही नाही, कर्वे रोडला संध्याकाळी मी स्वतः नको म्हणतो. उजवी-डावीचा मात्र घोळ झालाय, पहिल्या रविवारी गेटच्या आत शिरल्या त्या थेट उजवीकडून, समोरच्या स्कूटरवाल्याने कपाळाला हात लावला. जायला दोनेक आठवडे लागले ते.

आणि नवीन केस उभी राहिली आहे. काकूंची भिशीतली मैत्रीण, साठ वर्षांची, मुलगा बेल्जियमला, लिम्बुर्ग प्रांतात. तिकडे तर सायकलवाल्यांचं राज्य, फाट्यांना नंबर देऊन एका नंबरवरून दुसऱ्यावर जायची पद्धत तिथेच १९९५ मध्ये सुरू झाली, ह्यूगो बोलेन नावाच्या खाण इंजिनिअरच्या डोक्यातून, आणि आता जंगलात दहा मीटर उंचीवर झाडांच्या शेंड्यांतून गोल फिरणारी सायकलवाटही बांधली आहे. मैत्रिणीने व्हिडिओ बघितलाय आणि तिला तिथेच जायचंय. "हिला चार महिन्यांत आली, मला पण शिकव." फरक एवढाच की या बाईंनी आयुष्यात कधी सायकलला हात लावलेला नाही. त्यामुळे काकूंचा कोर्स त्यांना चालणार नाही, इथे ब्रेक आणि उजवी बाजू नंतर, आधी बॅलन्स. मोठ्या माणसाला शिकवताना मी धरून पळत नाही, पॅडलच काढून टाकतो, सीट पूर्ण खाली, आणि पायाने ढकलत फिरायचं, दोन्ही पाय उचलून पाच सेकंद जाता आलं की मग एक पॅडल लावायचं. उंचावरच्या वाटेला चढ फार नाही पण आहे, म्हणजे गिअर किंवा ई-बाईक लागेल, ते जानेवारीत बघू. पॅडल काढायला पंधराचा पान्हा लागतो आणि डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, जोर लावून आवळून बसलेले असतात बऱ्याचदा. काकू म्हणाल्या पान्हा मी आणते, काकांच्या पेटीत आहे, आणि काकांना पण आणते, नाहीतरी रविवारी पेपर वाचत बसलेले असतात.